परक्या भांडाराचा शिक्का



मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. जुना पण धडधाकट संगणक बाळगणाऱ्यापुढे तेव्हापासून प्रश्न आहे, की यंत्र मोडीत काढावे की त्यावर दुसरी प्रणाली बसवावी? आमच्या सतवाससारख्या गावी, जेथे शाळेतला वा दुकानातला संगणक दहा-दहा वर्षे चालवावा लागतो, तेथे लिनक्सचा मार्ग काटकसरीचा ठरतो. परंतु लिनक्स बसविल्यावर थोड्याच दिवसांत एखादा प्रोग्रॅम सापडत नाही, आणि कोणी तरी जाणता सांगतो, "अमुक रिपॉझिटरी जोडा, म्हणजे काम होईल." हे जोडणे म्हणजे नेमके काय, त्यात आपण काय मिळवितो आणि काय देऊन बसतो, याचा विचार आज करावयाचा आहे.

रिपॉझिटरी म्हणजे प्रोग्रॅमांचे भांडार. विंडोज वापरणारा मनुष्य ज्याच्या त्याच्या संकेतस्थळावरून प्रोग्रॅम उतरवून घेतो. लिनक्सची रीत निराळी आहे. डेबियन, उबुंटू, फेडोरा अशा प्रत्येक वितरणाचे स्वतःचे भांडार असते. तेथील स्वयंसेवक व कर्मचारी प्रत्येक प्रोग्रॅम तपासतात, एकमेकांशी जुळवून घेतात आणि पॅकेजच्या रूपाने ठेवतात. १९९३ साली आरंभ झालेल्या डेबियनच्या २०२५ मधील तेराव्या आवृत्तीत अशी सुमारे ७०,००० पॅकेजे आहेत.

मग बाहेरचे भांडार लागते कशाला? कारणे तीन आहेत. पहिले कायद्याचे. काही चित्रफिती व ध्वनिफिती उलगडणाऱ्या प्रोग्रॅमांवर पेटंटचे हक्क असल्यामुळे फेडोरा ते आपल्या भांडारात ठेवीत नाही. ही उणीव आरपीएम फ्यूजन हे भांडार भरून काढते. पूर्वीची तीन स्वतंत्र भांडारे एकत्र येऊन २००८ मध्ये ते उभे राहिले. दुसरे कारण मालकीचे. गूगल क्रोमसारखा प्रोग्रॅम त्याची कंपनी स्वतःच्याच भांडारातून देते, आणि क्रोमचे पॅकेज बसविताच ते भांडार आपल्या यादीत आपोआप जोडलेही जाते. तिसरे कारण ताजेपणाचे. डेबियनची स्थिर आवृत्ती मुद्दाम जुनी, कसाला उतरलेली पॅकेजे ठेवते, आणि कोणास नवीनच हवे असते.

ही कारणे रास्त आहेत. परंतु पुष्कळांना वाटते, की आपण फक्त एक प्रोग्रॅम आणला. तसे नाही. दुकानातून एक वस्तू आणणे वेगळे, आणि त्या दुकानदाराला घराची किल्ली देऊन ठेवणे वेगळे. भांडार जोडणे हे दुसऱ्या प्रकारचे कृत्य होय. पॅकेज बसते ते संगणकाच्या सर्वाधिकाऱ्याच्या अधिकाराने. बसताना त्याच्यासोबतची आज्ञावली त्याच अधिकाराने चालते. शिवाय पुढे जेव्हा जेव्हा आपण नूतनीकरणाची आज्ञा देऊ, तेव्हा तेव्हा त्या भांडाराचा चालक जे पाठवील ते आत येईल. आज तो सज्जन असेल. उद्या त्याचे भांडार दुसऱ्याच्या हाती गेले, तर आपली किल्लीही त्या हाती जाते.

यावर अंकुश म्हणून शिक्क्याची योजना आहे. भांडाराच्या यादीत प्रत्येक पॅकेजची गणिती खूण नोंदलेली असते, आणि त्या यादीवर चालकाची सही असते. सही पडताळण्याची चावी आपण आपल्या संगणकात ठेवतो. वाटेत कोणी एक अक्षर बदलले, तरी खूण जुळत नाही.

येथे आमच्या जिल्ह्याच्या इतिहासाचा दाखला उपयोगी पडेल. देवासमध्ये पवार घराण्याच्या थोरल्या व धाकट्या अशा दोन पात्या होत्या. एकच गाव, पण राजे दोन आणि कारभार दोन. १९४८ मध्ये दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन होईपर्यंत ही व्यवस्था चालली. तेथे थोरल्या पातीचा शिक्का धाकट्या पातीच्या हुकमावर चालला असता, तर केवढा गोंधळ माजला असता! डेबियन व उबुंटूच्या जुन्या पद्धतीत नेमकी हीच उणीव होती. सर्व चाव्या एकाच जुडग्यात ठेवल्या जात, आणि त्यातली कोणतीही चावी कोणत्याही भांडाराची ग्वाही देऊ शकत असे. आता प्रत्येक भांडाराच्या नोंदीत त्याचीच चावी नेमून देता येते. नवे भांडार जोडताना हीच रीत पाळावी. जुन्या पद्धतीचा सल्ला देणारी माहिती अजून पुष्कळ ठिकाणी आढळते, ती बाजूस ठेवावी.

तथापि शिक्क्यालाही मर्यादा आहे. देवासच्या बँक नोट प्रेसमध्ये छापलेली नोट खरी असते, पण ती देणाऱ्याचा हेतू नोट सांगत नाही. तसेच सही फक्त पॅकेज कोठून आले एवढेच सांगते, ते निर्दोष आहे असे नव्हे. आर्च लिनक्सच्या वापरणाऱ्यांनी चालविलेल्या सामायिक संग्रहात जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध ब्राउझरांच्या नावांशी जुळणारी काही पॅकेजे कोणी तरी ठेवली. ती बसविणाऱ्याचा संगणक दूरवरून दुसऱ्याच्या ताब्यात जाईल अशी त्यांची रचना होती. १६ जुलैला चढविलेली ही पॅकेजे १८ जुलैला काढून टाकण्यात आली. मधल्या दोन दिवसांत ज्यांनी ती घेतली, त्यांना आपल्या संगणकाची झडती घेण्याचा सल्ला देण्यात आला.

दुसरा धोका दुष्टाव्याचा नसून मिश्रणाचा आहे. दोन भांडारांत एकच पॅकेज असेल, तर प्रणाली सामान्यतः वरच्या क्रमांकाची आवृत्ती उचलते. अशा रीतीने परके भांडार मूळ प्रणालीचे अवयव हळूहळू बदलून टाकते आणि एके दिवशी जुळणी तुटते. उबुंटू डेबियनपासून निघाली, आपल्या सी-डॅकची बॉस प्रणालीही डेबियनवरच उभी आहे. पण मूळ एक म्हणून एकीचे भांडार दुसरीला जोडू नये. नवी आवृत्ती बसविताना उबुंटू बाहेरची भांडारे आपण होऊन बंद करते, ती याच भीतीने.

तेव्हा क्रम असा असावा. प्रथम मूळ भांडारात नीट शोधावे. मराठीपुरते बोलायचे, तर लोहित देवनागरी हा टंक, इनस्क्रिप्ट कळपाट आणि लिबरऑफिसचा मराठी पट हे सारे डेबियनच्या स्वतःच्या भांडारातच आहे. त्यासाठी कोणाच्या दारी जाण्याची गरज नाही. तेथे न मिळाले, तर वितरणानेच वेगळ्या ठेवलेल्या विभागात पाहावे. वाय-फायसारख्या भागांना लागणारे सॉफ्टवेअर डेबियनने २०२३ पासून अशा एका स्वतंत्र विभागात ठेवले आहे. तेथेही नसेल, तरच बाहेर पडावे. मात्र चालक कोण, तो किती वर्षे काम करीत आहे आणि आपल्या नेमक्या आवृत्तीसाठी त्याने पॅकेज केले आहे का, हे पाहून. जोडलेले भांडार वहीत तारखेसह टिपून ठेवावे. गरज संपली की नोंद काढावी आणि त्यातून आलेले पॅकेजही काढावे. नुसती नोंद पुसल्याने पॅकेज जात नाही. ते तेथेच राहते, पण त्याला दुरुस्ती मिळणे थांबते, आणि असे बेवारस पॅकेज अधिक धोक्याचे.

ज्या संगणकावर विद्यार्थ्यांचे गुण, दुकानाची उधारी किंवा घरच्या बँकेचे व्यवहार असतात, तेथे ही सावधगिरी चैनीची गोष्ट नव्हे. लिनक्स आपल्याला घराचे मालक करते. किल्ली कोणाकोणाला दिली, हे ठाऊक असणे हा त्या मालकीचाच भाग आहे.