दहापट वेगाची हूल

पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभारला. त्यात ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे टी-८०० मालिकेतील ट्रान्सप्यूटर होते. असे अनेक प्रोसेसर एकमेकांना जोडले, की ते एकच गणित वाटून घेऊन सोडवतात. त्याच सुमारास इनमॉसच्या नव्या टी-९००० चा गाजावाजा सुरू झाला: वेग म्हणे दहापट! (कागदावरचा प्रोसेसर कधी तापत नाही.) गुंतागुंतीच्या रचनेमुळे तो रेंगाळत गेला, दहापटीपर्यंत पोहोचलाच नाही. अशा आकड्यांबाबत विद्यार्थ्यांनी दोनच गोष्टी विचाराव्यात. चिप प्रत्यक्ष तयार आहे का? आणि आपलाच प्रोग्राम तिच्यावर चालवला, तर किती सेकंद लागतात? सी-डॅकने पुढे ‘परम ९०००’ मध्ये सुपरस्पार्क प्रोसेसर वापरले. रचनाही अशी ठेवली, की प्रोसेसर बदलता यावा.