लाँग ड्राइव्हला ब्लूज का जमतं? हे ३ अल्बम ऐकून बघा

गाडी हायवेला लागली की गाणं बदलायला हात मोबाईलकडे जातो. ताशी ९० च्या वेगात नजर २ सेकंद स्क्रीनवर गेली, तर तोवर गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते. म्हणून निघतानाच अख्खा अल्बम लावून द्यावा. ब्लूज इथे कामाला येतं. त्यातल्या बऱ्याच गाण्यांत १२ बारचं एकच आवर्तन आणि मुख्यतः तीनच कॉर्ड फिरत राहतात, त्यामुळे कान लगेच रुळतो.

सुरुवात बी. बी. किंगच्या 'लाइव्ह ॲट द रीगल'ने करा. हा कार्यक्रम १९६४ साली शिकागोत रेकॉर्ड झाला. आधी किंग गातो, मग त्याची 'ल्युसिल' नावाची गिटार उत्तर देते. अगदी सवाल-जवाबच! अल्बम साधारण ३५ मिनिटांचा.

दुसरा स्टीव्ही रे वॉनचा 'टेक्सास फ्लड' (१९८३). मोकळ्या रस्त्यावर भारी वाटतो, पण त्याच्या तालावर ॲक्सिलरेटर दाबला जात नाही ना, हे बघायचं.

ट्रॅफिकमध्ये अडकलात तर 'अ मीटिंग बाय द रिव्हर' (१९९३). यात अमेरिकेच्या राय कूडरची स्लाइड गिटार आणि विश्वमोहन भट्टांची, गिटारमध्येच बदल करून घडवलेली मोहनवीणा आहे. हा निव्वळ ब्लूज नाही, पण त्याला ग्रॅमी मिळालं आणि डोकंही शांत राहतं.

आवाज मात्र मागच्याचा हॉर्न ऐकू येईल इतकाच ठेवायचा. आणि पेंग आली तर गाणं बदलू नका, गाडी थांबवा.