फुटबॉल गेममधला कॉम्प्युटर खरंच 'चीटिंग' करतो का?

८५ वं मिनिट. तुम्ही १-० ने पुढे. आणि इतका वेळ चाचपडणारी कॉम्प्युटरची टीम अचानक पिसाळते. दुसऱ्या डिव्हिजनमधला एक साधा डिफेंडर तिघांच्या गराड्यातून बॉल काढतो, वन-टच पासची माळ लागते आणि बॉल जाळ्यात. मग ग्रुपवर ठरलेला मेसेज पडतो, "स्क्रिप्टेड आहे रे सगळं!"

स्क्रिप्टिंग म्हणजे मॅचचा निकाल गेमच ठरवतो, असा संशय. 'फिफा' आणि आताच्या 'ईए स्पोर्ट्स एफसी'बद्दल तो इतका पसरलाय की प्रकरण कोर्टातही गेलं होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियात तिघांनी ईए कंपनीवर दावा केला. मुद्दा होता 'डायनॅमिक डिफिकल्टी अ‍ॅडजस्टमेंट'चा. खेळणारा कसा खेळतोय ते बघून गेम आपोआप सोपा किंवा अवघड करायचा, असं हे तंत्र. त्याचं पेटंट ईएकडे होतं. कंपनी ते 'अल्टिमेट टीम'मध्ये गुपचूप वापरते, म्हणजे लोक चांगल्या खेळाडूंसाठी पैसे मोजून पॅक घेत राहतात, असा आरोप होता. ईएनं साफ नकार दिला, तांत्रिक माहिती पुरवली, इंजिनिअर्सशी बोलूही दिलं. २०२१ मध्ये दावा मागे घेतला गेला.

मग तरी तसं का वाटतं?

कारण कॉम्प्युटरला जरा जास्तच माहीत असतं.

खऱ्या मैदानावर पाठीमागे कोण आहे हे कळायला मान वळवावी लागते. नॉर्वेचे संशोधक गेअर योर्डेट यांनी प्रीमियर लीगच्या मिडफिल्डर्सचा नेमका हाच अभ्यास केला. बॉल मिळण्याआधी जास्त वेळा मागे-आजूबाजूला बघणाऱ्यांचे पास जास्त यशस्वी ठरतात, असं त्यात दिसलं. फ्रँक लॅम्पार्ड हे त्यातलं गाजलेलं उदाहरण.

गेममधल्या डिफेंडरला असं काही करावं लागत नाही. २२ खेळाडू आणि बॉल नेमके कुठे आहेत, किती वेगाने कुठे चाललेत, हे गेमला प्रत्येक फ्रेमला ठाऊक असतं. शॉट मारला त्याच क्षणी बॉल कुठे जाणार याचं गणितही मांडता येतं. तसंच सोडलं तर गोलकीपरला हरवणं मुश्कील होईल. म्हणून डेव्हलपर्सना उलटं काम करावं लागतं. कॉम्प्युटरला मुद्दाम उशिरा हलवायचं, पास थोडा चुकवायचा, कधीकधी मोकळा खेळाडू 'दिसू' द्यायचा नाही.

गडबड इथेच होते. लेव्हल वाढवली की साधारणपणे हे लगाम सैल होतात. 'लेजेंडरी'वर तळाच्या टीमचा डिफेंडरही झावीसारखे पास देऊ लागतो. बरं, घाबरणं, दमून चिडणं, उगाच पाय घालणं या माणसाच्या खोडी त्याच्यात जवळपास नसतातच. म्हणून तर 'कॉम्प्युटर फाऊलच करत नाही' ही खेळणाऱ्यांची नेहमीची तक्रार.

पळणं जमलं, विचार करणं राहिलं

२०२१ च्या 'फिफा २२'साठी २२ व्यावसायिक फुटबॉलपटूंना सेन्सरचे सूट घालून पूर्ण मॅच खेळवली गेली. त्यातल्या ८७ लाखांहून जास्त फ्रेम्सवरून मशीन लर्निंगनं हालचाली शिकल्या. पळताना पावलं कशी जुळवायची, बॉल कसा अडवायचा, हे खूप सुधारलं. पण पास कुणाला आणि का द्यायचा हा प्रश्न वेगळा आहे. उलट शरीर इतकं खरं दिसू लागल्यावर डोक्यातला खोटेपणा जास्तच खुपतो.

त्याआधी 'फिफा २१'मध्ये 'कॉम्पिटिटर मोड' आला होता. त्यात कॉम्प्युटर ई-स्पोर्ट्समधल्या अव्वल खेळाडूंसारखं ड्रिबल करायचा. म्हणजे नक्कल माणसाचीच, पण सोफ्यावर कंट्रोलर घेऊन बसलेल्या माणसाची.

'मग एआयला स्वतःच शिकू द्या की!' तेही झालंय. गुगलनं २०१९ मध्ये संशोधनासाठी एक फुटबॉल गेम खुला केला. २०२० मध्ये मँचेस्टर सिटीसोबत त्यावर स्पर्धा झाली आणि टेन्सेंटचा 'वीकिक' जिंकला. पण अशा एआयला बक्षीस गोल आणि विजयाचं मिळतं. खेळ माणसासारखा दिसला का, याचे मार्क त्यात धरलेले नसतात. एकच चाल शंभर वेळा चालत असेल तर तो शंभर वेळा तीच खेळेल.

सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या 'एफसी २६'मध्ये ईएनं दोन रस्तेच वेगळे केले. ऑनलाइन मॅचसाठी वेगवान 'कॉम्पिटिटिव्ह' आणि करिअर मोडसारख्या ऑफलाइन खेळासाठी संथ 'ऑथेंटिक'. मजा आणि खरेपणा एकाच सेटिंगमध्ये बसत नाहीत, याची ही जवळपास कबुलीच.

खरेपणा हवा असेल तर सेटिंगमधले 'स्लायडर' वापरून बघा. तिथे तुमच्यासाठी आणि सीपीयूसाठी आकडे वेगवेगळे ठेवता येतात. सीपीयूची पास एरर थोडी वाढवली, स्प्रिंटचा वेग जरा कमी केला की फरक लगेच जाणवतो. अर्थात हे फक्त ऑफलाइन. अल्टिमेट टीमच्या ऑनलाइन मॅचमध्ये स्लायडर चालत नाहीत, आणि तिथे समोर बहुतेक वेळा माणूसच असतो.