लष्करी पोशाखाची चित्रे काय सांगतात?



गणवेशावरून शाळा ओळखता येते, तशीच कोट, फेटा आणि कमरपट्टा यांवरून लष्करातली पलटण ओळखता येते. रंगीत छायाचित्रे सर्रास नव्हती, तेव्हा हे पोशाख चित्रकारांकडून रंगवून घेत व त्यांचे तक्ते आणि पुस्तके छापत.

असे एक प्रसिद्ध पुस्तक १९११ साली लंडनला निघाले. त्याचे नाव 'द आर्मीज ऑफ इंडिया'. त्यात मेजर लव्हेट यांनी काढलेली ७२ रंगीत चित्रे आहेत आणि मजकूर मेजर मॅकमन यांचा आहे. शीख, गुरखा, पठाण यांच्याबरोबर त्यात मराठा पलटणींचे शिपाईही आहेत.

ही चित्रे पाहताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, त्यातले भरजरी, भडक रंगांचे पोशाख बहुतेक समारंभाचे असत. लढाईत शिपाई खाकी घालत. 'खाक' म्हणजे धूळ. मातीत मिसळून जाणारा हा रंग १८४६ मध्ये उभारलेल्या गाइड्स या पलटणीने प्रथम स्वीकारला.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. चित्रकार तेव्हा पलटणीत असलेल्यांचीच चित्रे काढतो. याचे उदाहरण आपल्या जवळच आहे. सुभेदार रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेत शिक्षक होते. १४ एप्रिल १८९१ रोजी तेथेच त्यांचे पुत्र भीमराव, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, यांचा जन्म झाला. महार शिपायांनी मुंबई सैन्यात पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली होती. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची नावे तेथील स्तंभावर कोरलेली आहेत. तरीही १८९० नंतरच्या दशकात इंग्रज सरकारने त्यांची भरती बंद केली. मग १९११ च्या चित्रांत ते कसे दिसणार? पहिल्या महायुद्धात थोडा काळ भरती झाली, पण महार रेजिमेंट उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगावला. आज तिचे केंद्र आपल्याच मध्य प्रदेशात, सागरला आहे.

म्हणून जुने चित्र पाहताना त्यात कोण आहे हे तर पाहावेच, पण कोण नाही आणि का नाही, हेही विचारावे. पालकांना आमची विनंती आहे, की घरात कुणा आजोबा-पणजोबांचे गणवेशातले छायाचित्र असेल, तर त्यामागे त्यांचे नाव, पलटण आणि साल मुलांच्या हातून आजच लिहवून घ्यावे. लव्हेट यांनी रंगवलेला पोशाख आजही ओळखता येतो, पण तो घालणाऱ्या माणसाचे नाव कुणी लिहून ठेवले तरच उरते.