टर्बो इंजिनातून काय काढता येते?

शर्यतीच्या मार्गावर पळणारी गाडी आपल्या रोजच्या गाडीपेक्षा कितीतरी गुंतागुंतीची असणार, अशी बहुतेकांची समजूत असते. पण हौशी चालक रस्त्यावरची गाडी ट्रॅकसाठी तयार करतात, तेव्हा पहिले काम असते ते इंजिनातून काही भाग काढून टाकण्याचे. काय काढायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे ठरवताना शाळेतलेच भौतिकशास्त्र उपयोगी पडते. माझदा कंपनीची तिसऱ्या पिढीची आरएक्स-७ ही गाडी (निर्मिती 1991 अखेर ते 2002) हे याचे उत्तम उदाहरण आहे.

आधी टर्बोचार्जर म्हणजे काय ते पाहू. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूंत बरीच ऊर्जा शिल्लक असते. त्यांच्या झोताने एक लहान टर्बाइन फिरते. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला कंप्रेसर असतो. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, म्हणून इंधनही जास्त जाळता येते आणि शक्ती वाढते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने 1905 मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले होते.

परंतु हवा दाबली की ती तापते. सायकलला हवा भरल्यावर पंपाचे खालचे टोक हाताला गरम लागते, हा अनुभव मुलांना असतोच. समजा 27 अंश सेल्सियसची हवा आपण 1.7 वातावरण दाबापर्यंत दाबली. आदर्श स्थितीत तिचे तापमान सुमारे 49 अंशांनी वाढेल. कंप्रेसरची कार्यक्षमता 70 टक्के धरली तर वाढ 70 अंशांची, म्हणजे हवा 97 अंशांवर जाते. तापलेली हवा विरळ असते. त्यामुळे दाब 70 टक्क्यांनी वाढूनही हवेची घनता जेमतेम 38 टक्क्यांनी वाढते. ही हवा वाटेत 47 अंशांपर्यंत थंड केली, तर तीच वाढ 59 टक्क्यांपर्यंत जाते. हे काम इंटरकूलर करतो. तेव्हा इंटरकूलर काढायचा नाही हे उघड आहे. ट्रॅकसाठी तो उलट मोठाच बसवतात.

टर्बोची दुसरी अडचण आळसाची. पायाने अॅक्सिलरेटर दाबला तरी टर्बाइनला वेग घ्यायला वेळ लागतो, कारण तिला जडत्व असते. चाकाचा आकार तोच ठेवून व्यास दुप्पट केला, तर वस्तुमान आठपट होते आणि जडत्व-आघूर्ण बत्तीसपट! (त्रिज्येच्या पाचव्या घाताशी ते समप्रमाणात असते, अकरावीच्या मुलांना हे गणित द्यायला हरकत नाही.) म्हणून एका मोठ्या टर्बोऐवजी दोन लहान टर्बो वापरण्याची युक्ती निघाली.

आरएक्स-७ मध्ये हे दोन टर्बो पाळीपाळीने कामाला लागतात. मिनिटाला सुमारे 1800 फेऱ्यांपासून पहिला टर्बो एकटाच काम करतो. सगळे जळके वायू त्यालाच मिळतात, म्हणून तो पटकन वेग घेतो. फेरे 4000 ते 4500 च्या आसपास गेले की दुसरा त्याला येऊन मिळतो. मात्र ऐनवेळी तो झोपलेला असून चालत नाही, म्हणून थोडा वायू सोडून त्याला आधीच फिरवत ठेवावे लागते. तोवर त्याने दाबलेली हवा बाहेर सोडायची, नंतर ती वाट बंद करून इंजिनाकडची वाट उघडायची. एवढ्या सगळ्यासाठी अनेक झडपा, त्या हलवणारे सोलेनॉइड आणि त्यांना दाब व निर्वात पोचवणाऱ्या बारीक रबरी नळ्यांचे जाळे इंजिनावर पसरलेले असते. रचना कल्पक आहे यात शंका नाही. पण या नळ्या तापलेल्या टर्बोच्या शेजारी राहतात. काही वर्षांत रबर कडक होते, तडकते. एक नळी फुटली तरी दुसरा टर्बो जागा होत नाही, आणि दोष कुठे आहे ते शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे.

आता प्रश्न असा, की हे जाळे कोणासाठी आहे? गावात, रहदारीत, कमी फेऱ्यांवर गाडी चालवणाऱ्यासाठी. ट्रॅकवर योग्य गिअर निवडून इंजिन बहुतेक वेळ 5000 ते 8000 फेऱ्यांतच ठेवतात. तिथे दोन्ही टर्बो तसेही चालूच असतात. म्हणून दोन्हींच्या झडपा कायमच्या उघड्या ठेवतात आणि त्यांना हलवणाऱ्या नळ्या व सोलेनॉइड काढून टाकतात. याची किंमत म्हणजे पूर्ण दाब तीन-साडेतीन हजार फेऱ्यांनंतरच मिळतो. रस्त्यावर ही गाडी सुरुवातीला मंद वाटेल. माझ्या मते ट्रॅकसाठी हा सौदा चांगला आहे, रोज कचेरीला जाणाऱ्यासाठी मुळीच नाही.

खरा धोका पुढे आहे. उत्साहाच्या भरात चालक कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही काढतात. (सार्वजनिक रस्त्यावरच्या गाडीतून तो काढणे बेकायदा आहे, आणि हवेच्या दृष्टीने वाईटही.) त्याचा अडथळा गेल्याने जळके वायू मोकळे वाहू लागतात आणि टर्बाइन जोरात फिरते. जादा वायू टर्बाइनला वळसा घालून जावा म्हणून वेस्टगेट नावाचे एक दार असते. आता ते पूर्ण उघडूनही अपुरे पडते. दाब ठरलेल्या मर्यादेपुढे चढत राहतो. इंधन पुरवणारी यंत्रणा मात्र जुन्याच हिशोबाने चालते. हवा जास्त, इंधन कमी. मिश्रण ठिणगीनंतर नीट जळत जाण्याऐवजी एकदम स्फोटासारखे पेटते.

या गाडीचे इंजिन व्हान्केल पद्धतीचे आहे. त्यात दट्ट्यांऐवजी दोन त्रिकोणी रोटर फिरतात. रोटरच्या प्रत्येक शिरोबिंदूवर सुमारे 2 मिलिमीटर जाडीची धातूची पट्टी असते. अशा सहा पट्ट्यांवर सगळा दाब पेलला जातो. तसा एखादा स्फोट झाला की पट्टी तुटते, तुकडे टर्बाइनवर आदळतात आणि इंजिनाबरोबर टर्बोही जातो. एक भाग काढला म्हणून दुसरा मोडला! म्हणून जाणकार आधी वेस्टगेटची वाट कोरून मोठी करतात आणि इंधनाचा हिशोब नव्याने बसवतात.

त्याच पट्ट्यांना वंगण मिळावे म्हणून एक छोटा पंप इंजिनातले तेल थेंबाथेंबाने आत सोडतो. काहीजण हा पंपही काढतात आणि पेट्रोलमध्येच ऑईल मिसळतात. आपल्याकडे दुचाकींच्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठी पेट्रोलपंपावर ऑईल मिसळून घेत, तसेच हे. एक पंप आणि त्याच्या नळ्या कमी झाल्या खऱ्या, पण त्याचे काम आता चालकाच्या स्मरणशक्तीवर आले. एकदा विसर पडला की वंगण नाही.

वातानुकूलन, कन्व्हर्टरला हवा पुरवणारा पंप वगैरे भागांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. ते निघाले की वजन कमी होते आणि रेडिएटरपर्यंत हवा मोकळी पोचते. एक वस्तू मात्र हटकून जोडली जाते, ती म्हणजे अचूक तापमापक. मूळ गाडीतल्या तापमान दाखवणाऱ्या काट्याची रचना अशी आहे, की पाण्याचे तापमान बऱ्याच अंशांनी वाढले तरी काटा मधोमधच राहतो. साध्या चालकाने उगाच घाबरू नये हा हेतू. तो हलायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. ट्रॅकवर दर फेरीला तापमान किती चढले हे अंशांत कळायला हवे, आणि ते चढतच राहिले तर गाडी बाजूला घ्यायला हवी.