मल्टिपल स्क्लेरोसिसमधील अस्थिभंग

मेंदू, मेरुरज्जू व दृक्-तंत्रिका यांतील तंत्रिका तंतूंभोवतीचे मायलिन आवरण जागोजाग नष्ट होणाऱ्या दीर्घकालिक विकारास मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात. या विकाराच्या रुग्णांत हाड मोडण्याचा, विशेषतः मांडीच्या हाडाच्या (ऊर्वस्थीच्या) वरच्या टोकाचा भंग होण्याचा धोका अधिक असतो. ब्रिटनमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या विशिष्ट अस्थिभंगाचा धोका इतरांच्या सु. पावणेतीन पट आढळला.

भारतात हा विकार पाश्चात्त्य देशांच्या मानाने विरळ आहे. तथापि मुंबईतील पारशी समाजाच्या १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्याचे प्रमाण तुलनेने अधिक आढळले. तो बहुधा वयाच्या २० ते ४० वर्षांच्या दरम्यान सुरू होतो व स्त्रियांत अधिक आढळतो. त्यामुळे अस्थिक्षयास ऋतुनिवृत्तीपूर्वीच प्रारंभ होऊ शकतो.

कारणे : हाडांची दुर्बलता आणि वारंवार पडणे ही दोन प्रमुख कारणे होत. चालणे-फिरणे कमी झाल्याने हाडांवर पडणारा भार घटतो व त्यांची घनता कमी होते. रोग उसळल्यावर थोडे दिवस दिलेल्या स्टेरॉइडांचा हाडांवरील परिणाम मर्यादित असतो. दीर्घकाळ वा पुनःपुन्हा घेतल्यास तो वाढतो. पायांतील ताठरता, लोंबणारे पाऊल, तोल जाणे, दृष्टिदोष, रात्री लघवीस घाईने उठावे लागणे व गुंगी आणणारी औषधे यांमुळे रुग्ण पडतो.

ड जीवनसत्त्वाची न्यूनता हेही एक कारण आहे. उष्णतेने या रुग्णांची लक्षणे तात्पुरती वाढतात (उटहोफ आविष्कार), म्हणून ते ऊन टाळतात. पुण्यासारख्या भरपूर सूर्यप्रकाशाच्या शहरातही, धायरीसारख्या उपनगरातील वरच्या मजल्यावर राहणाऱ्या रुग्णाला ही न्यूनता जडू शकते. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा उपयोग होत नाही, कारण ड जीवनसत्त्व निर्माण करणारे जंबुपार किरण काच अडविते. सकाळच्या कोवळ्या उन्हातही हे किरण अत्यल्प असतात.

निदान : क्ष-किरणांच्या साहाय्याने केलेल्या अस्थिघनता मापनाने हाडांची स्थिती कळते. संवेदना मंदावलेल्या रुग्णास अस्थिभंगाची वेदना कमी जाणवू शकते. अशा वेळी पडल्यानंतर आलेली चालण्यातील असमर्थता मूळ रोग बळावल्याचे लक्षण मानली जाण्याचा संभव असतो; म्हणून क्ष-किरण चित्रण करून घेणे इष्ट ठरते.

प्रतिबंध : रक्तातील ड जीवनसत्त्वाची पातळी तपासून वैद्यकीय सल्ल्याने ते औषधरूपाने घ्यावे, आहारात दूध, नाचणी, तीळ यांसारखे कॅल्सियमयुक्त पदार्थ असावेत. भौतिकोपचारतज्ञाच्या देखरेखीखाली तोल व स्नायुबल यांचे व्यायाम थंड वेळी करावेत. न्हाणीघरातील फरशी कोरडी ठेवणे, भिंतीला आधाराचे दांडे बसविणे, उकिडवे बसावे लागणाऱ्या शौचकूपाऐवजी उंच आसनाचे शौचकूप वापरणे व रात्री मंद दिवा ठेवणे हे उपाय अल्पखर्चाचे आहेत. अस्थिघनता फार घटल्यास बिस्फॉस्फोनेट वर्गातील औषधे देतात.

मुंबईत १९८५ साली स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था रुग्णांना साहाय्य करते. तिची पुण्यातही शाखा आहे. अस्थिभंगानंतर सक्तीने घ्याव्या लागणाऱ्या विश्रांतीत आधीच क्षीण झालेले स्नायू आणखी दुबळे होतात आणि गमावलेले चालणे पुष्कळदा पूर्णपणे परत मिळत नाही. म्हणून हाडांची काळजी पहिल्या अस्थिभंगापूर्वीच, रुग्ण हिंडता-फिरता असतानाच सुरू करणे आवश्यक असते.