कमी उजेडासाठी लेन्स निवडताना

वर्गात प्रकाशाचा पाठ चालू आहे. खिडक्या अर्ध्या लावून घेतल्या आहेत. मुले मेणबत्तीसमोर बहिर्गोल भिंग धरून भिंतीवर ज्योतीची उलटी प्रतिमा पाडण्यात गुंग झाली आहेत. बाईंना याचा फोटो हवा आहे. फ्लॅश वापरला, तर त्याच्या झोतात भिंतीवरची फिकट प्रतिमा पुसली जाते, शिवाय मुले प्रयोग सोडून कॅमेऱ्याकडे पाहू लागतात. फ्लॅश वापरला नाही, तर चेहरे आणि हात हललेले येतात. म्हणजे ज्या क्षणासाठी फोटो काढायचा, नेमका तोच हातून निसटतो.

अशा वेळी जाणकार सल्ला देतात, ‘कॅमेरा बदलू नका, लेन्स बदला. एक पॉइंट आठची एखादी लहान लेन्स घ्या.’ सल्ला योग्य आहे, पण अपुरा आहे. एक पॉइंट आठ म्हणजे काय? अशा लेन्स तर ३५ मिलिमीटरच्याही मिळतात आणि ५० मिलिमीटरच्याही. त्यांतली कोणती घ्यायची? या प्रश्नांची उत्तरे शाळेतल्या भिंगांच्या धड्यात आणि थोड्या अंकगणितात सापडतात.

कड्यावरचे दोन आकडे

लेन्सच्या पुढच्या कड्यावर ‘५० मिमी, १:१.८’ असे काहीसे लिहिलेले असते. पहिला आकडा नाभीय अंतराचा. दुसरा आकडा असे सांगतो, की नाभीय अंतराला १.८ ने भागले की लेन्सच्या पूर्ण उघड्या छिद्राचा व्यास मिळतो. ५० ला १.८ ने भागले तर सुमारे २८ मिलिमीटर. या १.८ ला एफ-अंक म्हणतात. तो जितका लहान, तितके छिद्र मोठे.

पण सरळ व्यासच का लिहीत नाहीत? भागाकाराची भानगड कशाला? प्रयोगशाळेतली ५ सेंटिमीटर व्यासाची दोन भिंगे घ्या, एक १० सेंटिमीटर नाभीय अंतराचे आणि दुसरे २० चे. दोन्हींनी समोरच्या खिडकीची प्रतिमा कागदावर पाडा. खिडकीकडून येणारा प्रकाश दोन्ही भिंगे सारखाच गोळा करतात, कारण त्यांचा व्यास सारखा आहे. मात्र दुसऱ्या भिंगाची प्रतिमा लांबीरुंदीने दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळाने चौपट असते. तेवढाच प्रकाश चौपट जागेत पसरल्यामुळे ती चौपट मंद दिसते. प्रतिमेची प्रखरता केवळ व्यासावर ठरत नाही. ती व्यास आणि नाभीय अंतर यांच्या गुणोत्तरावर ठरते. पहिल्या भिंगाचा एफ-अंक २ आहे आणि दुसऱ्याचा ४. एफ-अंक दुप्पट झाला की प्रखरता एक चतुर्थांश होते.

कॅमेऱ्यावर १.४, २, २.८, ४, ५.६, ८ अशी विचित्र वाटणारी मालिका का असते, हेही यातून उलगडते. प्रत्येक आकडा आधीच्याच्या सुमारे १.४ पट, म्हणजे दोनच्या वर्गमूळाइतका पट आहे. व्यास तितक्या पटीने कमी केला की क्षेत्रफळ, आणि म्हणून प्रकाश, निम्मा होतो.

फायदा किती?

बहुतेक साध्या कॅमेऱ्यांबरोबर १८ ते ५५ मिलिमीटरची झूम लेन्स येते. तिच्यावर बहुधा ‘१:३.५–५.६’ असे लिहिलेले असते. १८ वर तिचा एफ-अंक ३.५ असतो आणि ५० च्या आसपास तो ५.६ होतो. आता ५.६ ला १.८ ने भागून वर्ग करा. उत्तर ९.७ येईल. म्हणजे त्याच ५० मिलिमीटरवर १.८ ची लेन्स जवळजवळ दसपट प्रकाश आत घेते.

ट्यूबलाइटच्या खोलीत साधारण दीडशे लक्स उजेड आहे आणि सेन्सरची संवेदनक्षमता आयएसओ ८०० वर ठेवली आहे, असे समजू. एफ ५.६ ला शटर सुमारे १/१६ सेकंद उघडे ठेवावे लागेल. तेवढ्या वेळात बोलणाऱ्या मुलाचे ओठ आणि हात हलतात. एफ १.८ ला १/१६० सेकंद पुरेल, आणि फोटो स्पष्ट येईल.

काही झूम लेन्समध्ये कंप शोषून घेणारी यंत्रणा असते. ती फोटो काढणाऱ्याच्या हाताचा थरथराट सावरते, पण समोरच्या मुलाची हालचाल थांबवू शकत नाही. त्यासाठी शटरचा वेळच कमी करावा लागतो.

पन्नासची लेन्स स्वस्त का?

एफ १.८ च्या लेन्समध्ये ५० मिलिमीटरची सहसा सर्वांत स्वस्त असते. स्वस्त म्हणजे कमअस्सल, अशी शंका मनात येते. पण स्वस्ताईचे कारण भूमितीत आहे.

मोठ्या छिद्राच्या साध्या भिंगात कडेकडून आणि मध्यातून येणारे किरण एकाच ठिकाणी मिळत नाहीत. निरनिराळ्या रंगांचे किरणही वेगवेगळ्या अंतरावर मिळतात. ही विपथने घालवण्यासाठी अनेक भिंगे एकत्र बसवतात. गणितज्ञ गाउस यांनी १८१७ मध्ये दुर्बिणीसाठी एक बहिर्गोल आणि एक अंतर्गोल अशी दोन वाटीच्या आकाराची भिंगे जवळजवळ बसवण्याची रचना सुचवली होती. अशा दोन जोड्या छिद्राच्या दोन्ही बाजूंना आरशातल्या प्रतिबिंबासारख्या समोरासमोर ठेवल्या, तर काही विपथनांत पुढच्या अर्ध्याची चूक मागचा अर्धा भरून काढतो. जर्मनीतल्या येना येथे झाइस कंपनीत पाउल रुडोल्फ यांनी १८९६ मध्ये याच कल्पनेतून सहा भिंगांची ‘प्लानार’ लेन्स बनवली.

तिची एक अडचण होती. तिच्यात हवेला लागून असलेले काचेचे आठ पृष्ठभाग होते आणि प्रत्येकावरून सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होई. ०.९६ चा आठवा घात ०.७२ येतो. म्हणजे चौथ्या भागाहून जास्त प्रकाश वाया जाई, आणि त्यातला काही आतल्या आत फिरून चित्र धुरकट करी. १९३५ मध्ये झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगांवर परावर्तन कमी करणारा पातळ लेप देण्याची रीत शोधली आणि ही रचना खऱ्या अर्थाने वापरात आली. आजच्या बहुतेक ५० मिमी, एफ १.८ लेन्स त्याच वंशातल्या आहेत. त्यांत सहा-सात भिंगे असतात. ती फार मोठी नसतात, आणि रचना इतकी घोटलेली आहे की अशा लेन्स मोठ्या संख्येने बनवता येतात.

मग त्याहून आखूड नाभीय अंतराच्या लेन्स महाग का? आरसा असलेल्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरशाला हलायला जागा लागते. कॅननमध्ये लेन्सच्या बैठकीपासून सेन्सर ४४ मिलिमीटरवर असतो, निकॉनमध्ये ४६.५ वर. ५० मिलिमीटरची लेन्स इथे सहज मावते. २४ मिलिमीटरचे साधे भिंग मात्र सेन्सरपासून २४ मिलिमीटरवर बसवावे लागेल, आणि तिथे तर आरसा आहे! म्हणून पुढे अंतर्गोल भिंगांचा गट लावून प्रतिमा मागे ढकलावी लागते. काच वाढते, वजन वाढते, किंमतही वाढते. बिनआरशाच्या नव्या कॅमेऱ्यांत हे अंतर १६ ते २० मिलिमीटरच असल्याने ही अडचण बरीच कमी झाली आहे.

दुसऱ्या टोकालाही असेच होते. एफ १.२ ची लेन्स १.८ च्या सव्वादोन पट प्रकाश घेते, पण तेवढ्यासाठी किंमत कित्येक पटींनी वाढते आणि वजन बहुधा अर्ध्या किलोच्या वर जाते. कॅननने २०१५ मध्ये आणलेली ५० मिमी, एफ १.८ लेन्स सुमारे १६० ग्रॅमची आहे. रोज दप्तरात बाळगायची असेल, तर हा फरक फार मोठा आहे.

५०, ३५ की २४?

किंमत पाहून लगेच ५० घेऊ नका. आधी फोटो किती अंतरावरून काढायचा, ते ठरवा.

जुन्या फिल्मची चौकट ३६ × २४ मिलिमीटरची होती आणि तिचा कर्ण सुमारे ४३ मिलिमीटर. कर्णाच्या जवळपासचे नाभीय अंतर असले, तर दृश्य फार पसरट किंवा फार जवळ ओढल्यासारखे वाटत नाही. म्हणून त्या काळात ५० मिलिमीटरला ‘नॉर्मल’ लेन्स म्हणत. पण आपल्याकडच्या बऱ्याच साध्या कॅमेऱ्यांचा सेन्सर साधारण २३ × १५ मिलिमीटरचा असतो. त्याचा कर्ण २७-२८ मिलिमीटर. त्याच्यासाठी ‘नॉर्मल’ लेन्स २८ ते ३५ ची. ५० ची लेन्स त्यावर दूरचे जवळ आणणाऱ्या लेन्ससारखी वागते.

समरूप त्रिकोणांनी हिशेब करून पाहा. चौकटीत मावणारी रुंदी म्हणजे सेन्सरची रुंदी गुणिले अंतर, भागिले नाभीय अंतर. सहा मीटर लांबीच्या वर्गात मागच्या भिंतीला टेकून उभे राहिलात, तर समोरच्या भिंतीचा किती भाग मावेल?

५० मिमी: सुमारे २.८ मीटर
३५ मिमी: सुमारे ३.९ मीटर
२४ मिमी: सुमारे ५.८ मीटर

पन्नासमध्ये फळा आणि बाई येतात, पण वर्ग येत नाही. एकेकट्या मुलाचा चेहरा, प्रयोग करणारे हात किंवा स्टेजवरचे नाटक यांसाठी ती उत्तम. गटात बसून काम करणाऱ्या चार-पाच मुलांसाठी ३५ सोयीची.

मग सर्वांत रुंद दृश्य देणारी २४ च का घेऊ नये? कॅननने २०१४ मध्ये आणलेली २४ मिमी, एफ २.८ लेन्स जेमतेम २३ मिलिमीटर जाड आणि १२५ ग्रॅमची आहे. लहान लेन्सचा हा फार चांगला नमुना. पण झूम लेन्सचाही एफ-अंक २४ वर ४ च्या आसपास असतो. म्हणजे प्रकाशाचा फायदा फक्त दुप्पट. ३५ वर झूमचा अंक ४.५ धरला, तर ३५ मिमी, एफ १.८ लेन्सचा फायदा सव्वासहा पट होतो, आणि ५० वर तो जवळजवळ दहा पट. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर वर्गात एकच लेन्स वापरायची असेल, तर माझे मत ३५ ला आहे. दोन पावले मागे सरकायला जागा असेल किंवा पैसे फारच कमी असतील, तर ५०.

मोठ्या छिद्राचा तोटा

छिद्र मोठे केले की स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होतो. लहान सेन्सरवर ५० च्या लेन्सने एफ १.८ ला दोन मीटरवरच्या मुलाचा फोटो काढला, तर पुढेमागे मिळून जेमतेम ११-१२ सेंटिमीटरचाच पट्टा रेखीव येतो. डोळे स्पष्ट, पण शेजारी अर्धा हात मागे बसलेली मैत्रीण अस्पष्ट. एफ ४ ला हा पट्टा २५ सेंटिमीटरच्या आसपास जातो. ३५ च्या लेन्सने त्याच अंतरावर एफ १.८ लाच सुमारे २३ सेंटिमीटर मिळतात. एकट्या मुलाचा फोटो १.८ ला, दोघांचा २.८ ला, गटाचा ४ ला, असा ढोबळ नियम ठेवायला हरकत नाही. पूर्ण उघड्या छिद्राला चित्राच्या कडा थोड्या मऊ येतात, त्याही २.८ ला बऱ्याच सुधारतात.

‘माझ्या मोबाइललाही एफ १.८ लेन्स आहे, मग वेगळी कशाला?’ हा प्रश्न मुले नक्की विचारतील. मोबाइलच्या लेन्सचे खरे नाभीय अंतर सुमारे ६ मिलिमीटर असते. त्याला १.८ ने भागले की छिद्राचा व्यास साडेतीन मिलिमीटरही भरत नाही. सेन्सरच्या दर चौरस मिलिमीटरवर पडणारा प्रकाश दोन्हींत सारखाच, पण सेन्सर लहान असल्यामुळे एकूण गोळा होणारा प्रकाश कमी. चांगल्या फोनचा सेन्सर १० × ७.५ मिलिमीटरचा धरला, तरी कॅमेऱ्याचा सेन्सर त्याच्या साडेचार पट मोठा. मोबाइल ही उणीव अनेक फोटो एकावर एक रचून भरून काढतो. पण तेवढ्या वेळात मूल हलले, तर त्यालाही मर्यादा पडते.

घेताना काय तपासाल?

पहिली गोष्ट म्हणजे बैठक जुळते का. कॅननच्या एसएलआरची लेन्स त्यांच्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यावर जोडकडे लावल्याशिवाय बसत नाही. दुसरी म्हणजे फोकसची मोटर. निकॉनच्या जुन्या ५० मिमी, एफ १.८ ‘डी’ लेन्समध्ये मोटर नाही. डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या लहान कॅमेऱ्यांतही ती नाही. ही जोडी जमवली तर प्रत्येक फोटोला हाताने फोकस करावा लागेल. २०११ ची ५० मिमी ‘जी’ लेन्स आणि २००९ ची ३५ मिमी, एफ १.८ लेन्स यांच्यात मोटर आहे.

जुनी लेन्स घेत असाल, तर एका बाजूने टॉर्चचा उजेड टाकून दुसऱ्या बाजूने पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी. कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर चामड्याच्या पाकिटात ठेवलेल्या लेन्सवर ती हमखास येते आणि लेप खाते. आपली लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावी.

पैसे खर्च करण्याआधी बिनखर्चाची एक चाचणी करा. झूम लेन्सचे कडे ३५ वर फिरवून चिकटपट्टीने पक्के करा आणि आठवडाभर तसेच फोटो काढा. पुढच्या आठवड्यात तेच ५० वर. भिंतीला पाठ किती वेळा लागली आणि पुढे जाऊन वाकावे किती वेळा लागले, याची नोंद मुलांनाच ठेवू द्या. दोन आठवड्यांनी वहीतल्या नोंदी पाहून कोणती लेन्स घ्यायची ते ठरवता येईल.